वेल्डिंगचा गॅस घेताना : वायूचे पैसे किती, सिलिंडरचे किती?



मृग तोंडावर आला आहे. पाभरीचे फण, कुळवाची फास, ट्रॉलीची दांडी, नांगराचा वाकलेला फाळ, सगळी डागडुजी याच पंधरवड्यात निघते. पूर्वी हे काम गावच्या लोहाराच्या भात्यावर व्हायचे. आता बहुतेक गावांत वेल्डिंगचे दुकान आहे, आणि काही गावांत शेतकऱ्यांच्या गटांनी अवजारांची बँक काढून स्वतःचाच गॅस कटिंगचा संच घेतला आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र अशा गटांकडून आणि काही श्रोत्यांकडून आमच्याकडे एकाच प्रकारची तक्रार वारंवार येते. गॅस घ्यायला गेलो तेव्हा दर एक सांगितला आणि बिल आले ते भलतेच. मधले पैसे कशाचे, ते कळत नाही.

मी शेतीचा पदवीधर. वेल्डिंग काही मी शिकलेलो नाही. पण खताच्या बिलात जसे काय काय घातलेले असते ते तपासायची सवय लागली, तसेच हेही तपासले. दुकानदारांशी बोललो, गटांची बिले पाहिली. त्यातून जे समजले ते या पत्रकात देत आहे.

एका गटाची गोष्ट

आमच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावात अकरा शेतकऱ्यांनी मिळून अवजार बँक काढली. गटाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. गेल्या वर्षी ५ जूनला त्यांनी तालुक्याच्या गावाहून ऑक्सिजनचा एक आणि ॲसिटिलीनचा एक असे दोन सिलिंडर भरून आणले. दोन दिवस काम झाले. ७ जूनला पाऊस पडला, मंडळी पेरणीला लागली आणि शेडला कुलूप लागले. मग खुरपणी, आंतरमशागत, गणपती, दसरा. कारखान्याची तोडणी सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ट्रॉल्यांची आठवण झाली आणि २० ऑक्टोबरला सिलिंडर बदलायला पाठवले.

दुकानदाराने हिशेब पुढे ठेवला. पहिले १५ दिवस मोफत, पुढे प्रत्येक सिलिंडरला रोज १० रुपये भाडे. ५ जून ते २० ऑक्टोबर हे झाले १३७ दिवस. त्यातून १५ वजा केले की १२२. एका सिलिंडरचे १,२२० रुपये, दोघांचे २,४४०, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. ४३९ रुपये २० पैसे. एकूण २,८७९ रुपये २० पैसे. शिवाय टेस्टिंगचे ३०० आणि हरवलेल्या टोपीचे १५०.

अण्णा माझ्याकडे बिल घेऊन आले. म्हणाले, "साहेब, ऑक्सिजनचा नवा सिलिंडर भरून घ्यायचा दर चारशे रुपये. आणि नुसता शेडमध्ये उभा राहिला त्याचे बाराशे? जनावर बांधलं असतं तरी शेण मिळालं असतं."

अण्णांचा राग खरा होता. पण भाडे खोटे नव्हते. अनामत भरताना जो कागद त्यांनी सही करून घेतला, त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा दर छापलेला होता. तो वाचायचा राहिला. (हे आकडे त्या एका दुकानाचे. तुमच्या तालुक्यात दर वेगळे असतील, मोफत दिवसही कमीजास्त असतील. हिशेबाची रीत मात्र हीच.)

सिलिंडरला एवढे मोल का?

ऑक्सिजन म्हणजे हवेतलाच प्राणवायू. कारखान्यात हवा अतिशय थंड करून तिचे पाणी करतात आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा काढतात. खर्च होतो तो मुख्यतः विजेचा. वायू त्या मानाने स्वस्त पडतो. महाग असते ते त्याला कोंडून ठेवणारे लोखंड.

वेल्डिंगच्या दुकानात जो मोठा काळा सिलिंडर दिसतो, त्यात पाणी भरले तर जेमतेम ४६-४७ लिटर मावेल. पण वायू त्यात चौरस सेंटिमीटरला १५० किलो एवढ्या दाबाने भरलेला असतो. म्हणून साध्या हवेच्या दाबाने मोजला तर तो सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ७ घनमीटर भरतो. या ७ घनमीटर ऑक्सिजनचे वजन किती? सुमारे साडेनऊ किलो. आणि तो दाब सोसणाऱ्या पोलादी सिलिंडरचे वजन पन्नास-साठ किलो. म्हणजे साडेनऊ किलो मालासाठी आपण अर्धा क्विंटलावर पोलाद तालुक्याहून गावात आणतो आणि परत नेऊन देतो. वाहतुकीचा आकार त्यामुळेच डोळ्यांत भरतो.

दुकानदाराचे भांडवल असते ते या सिलिंडरांत. एक सिलिंडर महिन्यातून तीनचारदा भरला गेला तर त्याला पैसा सुटतो. तोच तुमच्या शेडमध्ये चार महिने पडून राहिला तर त्याचा धंदा अडतो. भाडे लावण्यामागचे खरे कारण हे.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा हे सगळ्यांना दिसले. केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून नऊ उद्योग वगळून बाकी उद्योगांना ऑक्सिजन देणे बंद केले. वेल्डिंगची दुकाने अडून राहिली. त्या दिवसांत रुग्णालये जशी वायू शोधत होती तशीच रिकामे सिलिंडरही शोधत होती.

अनामत म्हणजे किंमत नव्हे

पहिला सिलिंडर घेताना दुकानदार अनामत, म्हणजेच डिपॉझिट, घेतो. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो असा : ही रक्कम परत मिळणार का, आणि मिळणार तर पूर्ण की काही कापून? काही ठिकाणी दरवर्षी ठरावीक टक्के घट धरतात. काही ठिकाणी पावतीवर 'परत न मिळणारी' असे छापलेले असते. तशी रक्कम अनामत नव्हेच. ती फी झाली.

दुसरी गोष्ट कराची. आमच्या एका श्रोत्याने बिलाची नक्कल पाठवली. त्यात १२,००० रुपये अनामत आणि तिच्यावर १८ टक्क्यांनी २,१६० रुपये जी.एस.टी. लावलेला होता. हे बरोबर नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जी.एस.टी. कायद्यातच म्हटले आहे की, मालासाठी दिलेली अनामत ही मालाची किंमत धरायची नाही. विक्रेत्याने ती किमतीपोटी वळती करून घेतली तरच ती किंमत ठरते. साध्या भाषेत सांगायचे तर, परत मिळणाऱ्या अनामतीवर कर नाही. तुम्ही भाडे थकवले आणि दुकानदाराने ते अनामतीतून कापले, तर कापलेल्या भाड्यावर कर बसेल. अण्णांच्या गटाचे असेच झाले. तिथला ४३९ रुपयांचा कर योग्य होता. या दुसऱ्या श्रोत्याचा २,१६० रुपयांचा योग्य नव्हता. त्यांना आम्ही दुकानदाराला कायद्यातली ही तरतूद दाखवायला सांगितले. दुकानदाराने जुने बिल दुरुस्त करून दिले. तो लबाड होता असे मला वाटत नाही. संगणकात प्रत्येक ओळीवर १८ टक्के आपोआप लागत होते, एवढेच.

वायूवर, भाड्यावर मात्र १८ टक्के कर आहे. आणि वाहतूक, हमाली, हाताळणी हे आकार दुकानदाराने आपल्याच बिलात धरले तर त्यांच्यावरही तो बसतो. उशिरा पैसे भरल्याचा दंडही त्यातून सुटत नाही. दुकानदाराने तोंडी दर सांगितला की पहिला सवाल करावा, "कर धरून की कर सोडून?" शेतकऱ्याची जी.एस.टी. नोंदणी नसते, त्यामुळे भरलेला कर त्याला कुठून परत मिळत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीची नोंदणी असेल तर कंपनीच्या हिशेबनिसाला ते बिल दाखवावे.

बिलातल्या बाकीच्या ओळी

आता भाड्याबद्दल आणखी थोडे, कारण पैसा जातो तो तिथेच. भाडे रोजाने आहे की महिन्याने, हे विचारा. महिन्याने असेल तर बऱ्याच ठिकाणी महिन्याचे दोन दिवस वापरले तरी पूर्ण महिना धरतात. म्हणजे सिलिंडर ३१ तारखेला परत केला तर एक हिशेब आणि पुढच्या २ तारखेला केला तर दुसरा. बाजारचा दिवस १ तारखेनंतर येत असेल तर आधीच्या बाजारीच सिलिंडर पाठवून द्यावा. मोफत दिवस मोजताना सिलिंडर नेल्याचा दिवस धरतात की दुसऱ्या दिवसापासून सुरुवात, तेही विचारून ठेवलेले बरे.

परतीची पावती घेतल्याशिवाय सिलिंडर हातातून सोडू नका. गावात गॅसचा टेम्पो येतो, ड्रायव्हर ओळखीचा असतो, रिकामा सिलिंडर त्याच्या हवाली करून आपण शेतावर जातो. टेम्पोवाल्याने तो दुसऱ्याच्या नावावर चढवला किंवा वहीत लिहिलाच नाही, तर तुमच्या नावावर भाडे चालू राहते आणि सहा महिन्यांनी सिलिंडर हरवला म्हणून पूर्ण किंमत मागतात. प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर नंबर ठोकलेला असतो. नेतानाच्या चलनावर तो नंबर हवा आणि परतीच्या पावतीवरही तोच नंबर हवा. सातबाऱ्यावरचा गट नंबर जसा आपण दोनदा वाचतो, तसा हा वाचावा.

टेस्टिंगच्या आकाराचे काय? ऑक्सिजनच्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते आणि चाचणीची तारीख सिलिंडरवर ठोकतात. ज्याचा सिलिंडर, त्याने ती करून घ्यायची. तुम्ही सिलिंडर विकत घेतला असेल तर तो खर्च तुमचा. पण सिलिंडर दुकानदाराचा, तुम्ही त्याचे भाडे भरता, आणि वर चाचणीचे पैसेही तुमच्याकडूनच, हे कसे? अण्णांनी एवढेच विचारले. दुकानदाराने वही चाळली, दोन मिनिटे गप्प राहिला आणि ३०० रुपयांची ओळ खोडली.

टोपीचे १५० रुपये मात्र गटाने मुकाट्याने दिले. व्हॉल्व्हवरची लोखंडी टोपी खरोखरच गटाकडून हरवली होती. नंतर ती शेडमध्ये सापडली. कोणीतरी तिच्यात ट्रॅक्टरचे ग्रीस भरून ठेवले होते! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण पूर्ण नाही. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला किंवा हाताला तेल-ग्रीस लागलेले असेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन त्याच्याशी आला, तर ठिणगी नसतानाही भडका उडू शकतो. ती टोपी तशीच बसवली असती तर १५० रुपयांवर निभावले नसते.

'सेफ्टी चार्ज', 'हँडलिंग', 'डिझेल वाढीव आकार' अशाही ओळी काही बिलांत असतात. त्या घेऊ नयेत असा काही कायदा नाही. पण त्या आधी सांगायला हव्यात. दरपत्रकात नसलेली ओळ बिलात दिसली तर ती कशाची हे विचारायला संकोच करू नका. दोनतीन दुकानांची तुलना करताना नुसता वायूचा दर विचारू नये. "भरलेला सिलिंडर माझ्या गावात पोचवून, दोन महिने ठेवून, रिकामा परत नेईपर्यंत सगळे धरून किती?" असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. वायू स्वस्त देणारे दुकान या हिशेबात महाग निघालेले मी पाहिले आहे.

भरला किती, संपला किती

पैसे ७ घनमीटरचे देतो, पण सिलिंडरमध्ये तेवढा आहे का? ऑक्सिजनच्या बाबतीत हे ओळखणे सोपे आहे. दुकानातच रेग्युलेटर लावून काटा पाहावा. १५० च्या दाबाचा सिलिंडर असेल तर काट्याचा एक किलो म्हणजे सुमारे ४७ लिटर वायू. काटा ७५ वर असेल तर सिलिंडर अर्धाच आहे.

यात एक मेख आहे. उन्हाने वायू फुगतो आणि काटा चढतो. १५० चा आकडा हा १५ अंश तापमानाचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही ४० अंश असतात. तेव्हा पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा काटा १६० च्या वर दिसायला हवा. मे महिन्याच्या दुपारी बरोबर १५० दिसला तर वायू सात-आठ टक्के कमी आहे असे समजा. उलट थंडीच्या पहाटे काटा थोडा खाली दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

ॲसिटिलीनला काट्याचा हिशेब लागत नाही. तो किरमिजी रंगाचा सिलिंडर. त्याच्या आत सच्छिद्र पदार्थ भरलेला असतो, त्यात ॲसिटोन नावाचा द्रव मुरवलेला असतो आणि वायू त्या द्रवात विरघळलेला असतो. म्हणून त्याला डी.ए. गॅस म्हणतात. तो वजनावर घ्यावा. सिलिंडरचे रिकामे वजन त्याच्यावर ठोकलेले असते. भरलेल्या वजनातून ते वजा केले की वायू किती ते कळते. बिल घनमीटरात असेल तर १ किलो म्हणजे साधारण ०.९ घनमीटर धरा. म्हणजे ५.४ घनमीटरचे बिल असेल तर वजन ६ किलोने वाढलेले हवे. दुकानात काटा नसेल तर गुळाच्या किंवा कापसाच्या काट्यावर करावे. वजन-मापाची फसवणूक वाटली तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

ॲसिटिलीनचा एक छुपा आकारही आहे. सिलिंडर आडवा पाडून वापरला किंवा घाईने फार जोरात वायू ओढला, तर वायूबरोबर ॲसिटोनही निघून जातो. परत देताना वजन कमी भरते आणि दुकानदार ॲसिटोनचे पैसे लावतो. ते पैसे वाजवी आहेत. सिलिंडर उभाच ठेवावा, आणि एका तासात आतल्या वायूच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त ओढू नये, असा जुना नियम आहे. मोठे जाड लोखंड तापवायचे असेल तर हा नियम हमखास मोडतो.

परत केलेल्या सिलिंडरमध्ये उरलेल्या वायूचे पैसे सहसा कोणी परत देत नाही. म्हणून काम एकत्र करून सिलिंडर संपवत आणावा. पण पार रिकामा, काटा शून्यावर, असाही करू नये. थोडा दाब शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह बंद करावा. नाहीतर बाहेरची हवा, ओल किंवा दुसरा वायू आत शिरतो. साफ करण्याचे पैसे पडतात ते पडतातच, शिवाय पुढच्या भरणीला धोका राहतो. गळतीचा वायूही आपल्याच पैशाचा असतो. महिन्यातून एकदा साबणाचा फेस सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

गावच्या वेल्डरकडे काम टाकणाऱ्यांनीही काटा पाहायला हरकत नाही. समजा तुमची ट्रॉली कापायला घेतली तेव्हा ऑक्सिजनचा काटा १२० वर होता आणि काम झाल्यावर १०५ वर आला. पंधरा किलो उतरला, म्हणजे ७०० लिटर, सिलिंडरचा दहावा हिस्सा. गॅसचे पैसे वेगळे लावले असतील तर ऑक्सिजनचा दहावा हिस्सा आणि त्या मानाने ॲसिटिलीन, एवढे होतात. वेल्डरलाही भाडे आणि वाहतूक भरावी लागते, ते त्याने मजुरीत धरावे हे न्याय्यच आहे. पण 'गॅस महाग झालाय' एवढ्या एका वाक्यावर दुप्पट पैसे देऊ नयेत.

दुसरे मार्ग

भाडे नको म्हणून काही जण कार्बाइडची टाकी वापरतात. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन तयार होतो. एक किलो कार्बाइडपासून अडीचशे ते तीनशे लिटर वायू मिळतो. अनामत नाही, भाडे नाही हे खरे. पण उलटी आग टाकीत शिरू नये म्हणून लावलेले पाण्याचे कुलूप कोरडे पडलेले मी दोन ठिकाणी पाहिले. ज्याला ते रोज तपासायचे नाही त्याने या वाटेला जाऊ नये. (तेच कार्बाइड आंब्याच्या अढीत घालू नका, बरं का. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने फळे पिकवायला बंदी आहे.)

नुसते कापायचे किंवा तापवून वाकवायचे असेल तर ॲसिटिलीनऐवजी एल.पी.जी. चालतो, पण ऑक्सिजन जास्त लागतो. लोखंडाचा पक्का सांधा जोडायला तो कामाचा नाही. आणि घेताना १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा. घरातला १४.२ किलोचा स्वयंपाकाचा सिलिंडर वेल्डिंगला वापरणे बेकायदेशीर आहे. तपासणी झाली तर तो जप्त होतो, मग चूलही बंद.

खरे विचाराल तर आपली निम्मी कामे विजेच्या वेल्डिंगवर होतात. त्याला गॅस लागतच नाही. मात्र वेल्डिंगचे यंत्र शेतीपंपाच्या जोडणीवर लावू नका. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी गॅसच्या भाड्यापेक्षा जड जाते.

आणण्याचा खर्च वाचवायचा म्हणून सिलिंडर मोटारसायकलवर आडवा बांधून आणणारे बहाद्दर आहेत. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे भरलेला सिलिंडर सायकलवर किंवा दुचाकी वाहनावर नेता येत नाही. हे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा दोनतीन गटांनी मिळून एकच टेम्पो ठरवावा, सिलिंडर उभे साखळीने बांधावेत, टोप्या लावाव्यात आणि भाडे वाटून घ्यावे.

बिलाबाबत दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मात्र त्यासाठी दरपत्रक, चलन, परतीची पावती आणि बिल हे चार कागद जवळ हवेत. तोंडी बोलण्यावर तिथे काही चालत नाही.

अण्णांच्या गटाने यंदा ठरवून घेतले आहे. अकराही जणांनी आपापली मोडकी अवजारे १० मेपर्यंत शेडवर आणून टाकायची, वेल्डर चार दिवस बसवून काम उरकायचे आणि सिलिंडर मोफत दिवसांच्या आतच परत. शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोन्ही सिलिंडरांचे नंबर आणि परतीची तारीख लिहिली आहे. ऑक्टोबरात ट्रॉल्यांसाठी पुन्हा आणायचे. मी परवा गेलो तेव्हा काम चालू होते, आणि ती टोपी धुऊन पुसून खिळ्याला टांगलेली होती.

तुमच्याकडच्या बिलातली एखादी ओळ समजत नसेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र पाठवा. पत्रासोबत बिलाची नक्कल दोन्ही बाजूंची जोडा. मागची बाजू विसरू नका. बारीक अक्षरे तिथेच असतात.